एका खोलीचा जमाखर्च

काटकसर हा गृहिणीचा वैयक्तिक गुण आहे अशी समजूत मराठी समाजात खोलवर रुजलेली असून, तुटपुंज्या मिळकतीत चार माणसांचे घर चालवणाऱ्या बाईचे कौतुक करताना तिच्या हाताला बरकत असल्याचा उल्लेख हमखास होतो. हे कौतुक खोटे नाही. मात्र लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव येथील चाळींचा गेल्या शंभर वर्षांचा जमाखर्च पाहिला, तर त्या बरकतीमागे गोठवलेले घरभाडे, शिधापत्रिकेवरचे धान्य, महापालिकेचे रुग्णालय, कोकणातून येणारा तांदूळ, वाण्याकडची उधारीची वही आणि शेजारणींची भिशी अशा कितीतरी गोष्टी उभ्या असल्याचे दिसते. यांपैकी एखादा आधार निघून गेला की त्याचा भार घरातल्या काटकसरीवर येतो आणि काटकसरीने तो किती पेलावा यालाही सीमा असते. आज निवृत्तिवेतन आणि सरकारी अनुदान यांवर दिवस काढणाऱ्या घरांची अडचण समजून घ्यायची असेल, तर म्हणूनच या आधारांपासून सुरुवात करावी लागते.

गरीब घरांच्या खर्चाचा पद्धतशीर हिशेब मुंबईत फार लवकर मांडला गेला. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या मासिक जमाखर्चाची पाहणी केली आणि कार्यालयाचे संचालक जी. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अहवालानुसार कुटुंबाच्या एकूण खर्चातील ५६.८ टक्के रक्कम अन्नावर, ७.४ टक्के सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कापडचोपडावर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि उरलेली १८.५ टक्के किरकोळ बाबींवर खर्च होत होती. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये असे दाखवून दिले होते की, कुटुंबाची मिळकत जितकी कमी तितका तिच्यातील अन्नखर्चाचा वाटा मोठा असतो, कारण कपडा, करमणूक, शिक्षण हे सारे मागे ढकलता येते, पण जेवण ढकलता येत नाही. अर्थशास्त्रात ‘एंगेलचा नियम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कसोटीवर मुंबईचा गिरणी कामगार पगारदार असूनही गरीबच ठरत होता. शिरास यांचा सर्वांत बोचरा निष्कर्ष मात्र निराळाच होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला सरकारी नियमांनुसार जास्तीत जास्त जेवढे धान्य मिळे, तेवढे धान्य हा कामगार खात होता. परंतु मुंबईच्या तुरुंगातील कैद्याला जो आहार नेमून दिलेला होता, त्याहून त्याचा आहार कमी भरत होता.

अन्नावर एवढा खर्च करूनही पोट पुरते न भरण्याचे एक कारण पगाराच्या रीतीत होते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेदरम्यान होत असे, त्यामुळे नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिले पैसे हाती पडायला दीड महिना लागे आणि तोवरचे जेवण उधारीवरच उभे राही. ज्याच्याकडून उधारी घेतली त्याच्याशी तो बांधला जाई, कारण बाकी असताना दुसऱ्या दुकानात जाता येत नसे आणि भावाबद्दल तक्रारही करता येत नसे. त्यातून लग्न, आजारपण किंवा गावाकडचे कार्य निघाले तर सावकार गाठावा लागे, ज्याचा रुळलेला दर दर रुपयामागे महिन्याला एक आणा असा होता. सोळा आण्यांचा रुपया धरला तर हे व्याज वर्षाला ७५ टक्के होते. पाहणीतील जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार सात ते दहा दिवसांत देण्याचे बंधन घातले गेले, तेव्हा या घरांची जी बचत झाली ती कोणत्याही गृहिणीला कितीही काटकसर करून साधली नसती.

याच पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत असल्याची नोंद आहे. त्याच सुमारास मुंबई विकास विभागाने, म्हणजे ‘बीडीडी’ने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती आणि तीही अनेकांना मोठी वाटत असे. खोली लहान असली तरी तिच्याभोवतीची व्यवस्था मोठी होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी गावकीच्या खोल्या असत. एका गावच्या किंवा पंचक्रोशीच्या मंडळाने घेतलेल्या अशा खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी एवढाच संसार असे आणि दर डोई अगदी किरकोळ रकमेत डोक्यावर छप्पर मिळे. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागी दिवसपाळीचा माणूस अंग टाकत असे. या पुरुषांचे जेवण खानावळीत होई. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे, तर चाळीतल्याच एखाद्या खोलीत एखादी कामगाराची बायको किंवा विधवा दहा-पंधरा जणांना दोन वेळचे जेवण घालून महिन्याकाठी पैसे घेई ती सोय.

चाकरमान्याचे घर असे दोन ठिकाणी वाटलेले होते आणि हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. परळहून मनीऑर्डर गावी जाई. गावाहून मे महिन्याच्या अखेरीस उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुले, फणसपोळी आणि सुक्या मासळीची गाठोडी येत. बाळंतपण, दीर्घ आजार, बेकारी आणि म्हातारपण हे चारही खर्चिक प्रसंग गावच्या घराने सोसायचे आणि शहराने फक्त कमावत्या माणसाला, तो कमावता असेपर्यंत, पोसायचे अशी ही विभागणी होती. गिरणीमालकांना कमी पगारात कामगार मिळाला त्याचे एक मोठे कारण, त्याच्या म्हातारपणाचा खर्च कोकणातील एक भातशेत आणि तिथे राबणारी त्याची बायको उचलत होती, हे होय.

चाळीतल्या काटकसरीची खरी कसोटी एकरकमी पैशाची होती आणि आजही आहे. श्रीमंत घर महिन्याचे तेल डब्याने घेते आणि गरीब घर दहा रुपयांचे सुटे तेल घेते. लिटरमागे जास्त भाव दुसऱ्याला पडतो. चहापूड, साबण, शाम्पूची पुडी, गॅसऐवजी एकेकाळचे बाटलीभर रॉकेल, या प्रत्येक वस्तूत हाच न्याय चालतो, त्यामुळे ज्याच्याजवळ कमी आहे त्याला तीच वस्तू महाग मिळते. उत्पन्न वाढवणे हातात नसलेल्या बाईला यावर एकच तोड काढता येते, ती म्हणजे थेंबथेंब येणाऱ्या पैशाचे वर्षातून एकदा-दोनदा एकरकमी पैशात रूपांतर करणे, आणि भिशी नेमके हेच काम करते. समजा एका मजल्यावरच्या बारा बायकांनी दरमहा प्रत्येकी ५०० रुपये जमवायचे ठरवले, तर दर महिन्याला ६००० रुपयांचा डाव जमतो आणि चिठ्ठी काढून किंवा आधी ठरलेल्या क्रमाने तो एकीच्या हाती जातो; वर्षात प्रत्येकीला एकदा डाव मिळतो, कोणी कोणाला व्याज देत नाही आणि कागदही होत नाही. जिला लवकर डाव मिळतो तिला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते, तर जिला शेवटी मिळतो तिची सक्तीची बचत होते. ही सगळी रचना एका गोष्टीवर टिकते: डाव घेतलेली बाई पुढचे हप्ते भरील याची खात्री, आणि ती खात्री तिचे दार रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडते-मिटते यातून येते. म्हणून नेमकी कोणाला कोणत्या महिन्यात गरज आहे याची चर्चा आधी होते, मुलाच्या शाळेच्या खर्चासाठी जून मागितला जातो, गणपतीत गावी जाणारी ऑगस्टचा आग्रह धरते आणि बेगमीसाठी एप्रिल-मेचा डाव सर्वांनाच हवा असतो.

बेगमी म्हणजे पावसाळ्यापूर्वी करून ठेवायची साठवण. लालबागच्या मिरचीबाजारात मार्चपासून मेअखेरपर्यंत जी गर्दी उसळते ती याच कारणाने. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी तिखटपणाला अशी घरोघरचे प्रमाण ठरलेली मिरची आधी निवडून देठ काढले जातात, चाळीच्या गच्चीवर किंवा गॅलरीत जुन्या साडीवर दोन-तीन दिवस तिला ऊन दाखवले जाते, धने आणि गरम मसाला वेगवेगळा भाजून घेतला जातो आणि मग ते सारे डंकावर कुटायला जाते. लोखंडी मुसळे खालीवर होणाऱ्या या यंत्रासमोर बायका आपापला मसाला डोळ्यांदेखत कुटून घेतात, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा हलका मसाला आपल्यात मिसळू नये आणि आपला वजनात घटू नये, या दोन्हींवर लक्ष ठेवायचे असते. घरी आल्यावर तो बरणीत दाबून भरताना मध्ये हिंगाचे खडे ठेवले, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. अशा मसाल्याची एक बरणी असली की भाजी साधी असली, डाळ पातळ असली, नुसत्या बटाट्याचे कालवण असले, तरी जेवणाला चव येते आणि बाजारच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्या वर्षभर लागत नाहीत. सुके बोंबील, जवळा आणि सोडे यांची खरेदीही पावसाआधीच होते, कारण श्रावणाअगोदरच्या दीड-दोन महिन्यांत ताजी मासळी महाग आणि भाज्याही महाग असतात, आणि त्या वेळी मूठभर सुकटीत चार माणसांचे जेवण निभावते.

रोजच्या स्वयंपाकातल्या युक्त्या मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, तरी त्यांमागचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच कुकरमध्ये भात, वरण आणि बटाटे शिजवणे म्हणजे इंधनाची बचत. कुळथाचे पिठले म्हणजे महाग डाळीला स्वस्त प्रथिनांचा पर्याय. फोडणीचा भात आणि कुस्करा म्हणजे नासाडी शून्यावर आणणे. आणि सकाळची पेज म्हणजे थोड्या तांदळात पोट भरल्याची जाणीव. दादर स्थानकाबाहेरच्या बाजारात संध्याकाळ उलटली की भाजी किलोऐवजी वाट्यावर मिळू लागते. वाटा म्हणजे उरल्यासुरल्या मालाचा, न तोलता लावलेला ढीग. त्यात दोन टोमॅटो फुटके निघणार हे धरूनच बाई हिशेब करते. जुने कपडे बोहारणीला देऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले घेतले जाते आणि ज्या साड्या तिनेही नाकारल्या त्यांच्या गोधड्या होतात.

या काटकसरीचा एक भाग मात्र कौतुकाने सांगण्यासारखा नाही. कमी पडणारे अन्न घरात कोणाला कमी पडते, हा प्रश्न जमाखर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. कमावता पुरुष आणि मुले जेवल्यावर उरेल ते घरातल्या बाईने खायचे, मासळीचा तुकडा संपला तर रश्श्यावर भागवायचे आणि न उरल्यास चहा-चपातीवर वेळ निभावून न्यायची, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की अनेक घरांत तिला काटकसर म्हणूनही ओळखले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. घराचा तोल सांभाळणाऱ्या बाईची काटकसर तिच्या स्वतःच्या रक्तातून वजा होत असेल, तर तिला बचत म्हणणे चुकीचे आहे.

मुंबईतील स्त्रियांनी महागाईचा हा प्रश्न घराबाहेर नेला, हे त्यांचे मोठे कर्तृत्व होय. १९७२ मध्ये, राज्यात दुष्काळ आणि शहरात टंचाई असताना, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी व थाळ्या वाजवत निघालेल्या तिच्या मोर्चांनी तेल, साखर आणि धान्याच्या भावाला सरकारकडे जाब मागितला. त्याआधीच, १९४८ मध्ये, नायगावात गिरणी कामगारांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ग्राहक सहकारी दुकानातून पुढे ‘अपना बाजार’ वाढला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवण्याची आणि आलेला माल एका घरी उतरवून सभासदांनीच वाटून घेण्याची पद्धत रूढ केली, ज्यामुळे सुट्या खरेदीचा तोटा टळून घाऊक खरेदीचा लाभ छोट्या घरालाही मिळू लागला. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. आणि खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. घरातला स्वयंपाक हेच ज्यांचे भांडवल होते अशा बायकांना या दोन्ही संस्थांनी मिळकतीचा मार्ग दिला, हे त्यांचे वैशिष्ट्य.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि महिन्यामागून महिने पगाराविना गेले. या काळात घरे कशी तगली याच्या आठवणी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासात आणि आजही चाळीचाळींत ऐकायला मिळतात: आधी भांडी, मग दागिने, शेवटी मंगळसूत्रातले सोने विकले गेले, मुलांना गावी पाठवण्यात आले किंवा शाळेतून काढून कामाला लावण्यात आले, बायका धुणीभांडी, पोळ्या लाटणे, डबे पुरवणे अशा कामांना लागल्या, आणि ज्या वाण्यांनी उधारी चालू ठेवली त्यांचेही दुकान डबघाईला आले, कारण ज्याच्या गिऱ्हाइकांपैकी सगळेच एका वेळी बेकार होतात त्याला उधारी देणे परवडत नाही. भिशीलाही हीच मर्यादा आहे. एका घराची अडचण बाकीची अकरा घरे सोसू शकतात, पण बाराही घरांवर एकाच दिवशी संकट कोसळले की परस्परांचा आधार परस्परांनाच पुरत नाही.

त्या संपात कामावरून गेलेला आणि पुन्हा कधीच न घेतला गेलेला कामगार आज हयात असला तर सत्तरी-ऐंशीत आहे. संघटित क्षेत्रातील कामगारांसाठीची निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ‘ईपीएस-९५’, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच गिरणीतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना तिच्यातून काहीच मिळाले नाही. जे पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या किंवा इतर गिरण्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले त्यांपैकी अनेकांचे निवृत्तिवेतन हजाराच्याही आत होते. १ सप्टेंबर २०१४ पासून ते किमान १००० रुपये करण्यात आले आणि ही किमान रक्कम पुढची दहा वर्षे उलटून गेली तरी तेवढीच राहिली. राज्य सरकारची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील निराधारांना २०२३ पासून दरमहा १५०० रुपये देते, मात्र त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १७५० रुपये ही ती सीमा होते. म्हणजे ज्याला दुसरीकडून दरमहा १८०० रुपये मिळतात तो या योजनेच्या नियमाने निराधार उरत नाही. जुलै २०२४ पासूनच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतही १५०० रुपयेच मिळतात, पण तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आणि वयोमर्यादा २१ ते ६५ वर्षांची आहे. परिणामी पासष्टी ओलांडणाऱ्या बाईची रक्कम तीच राहायची असली तरी तिच्यासाठीची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवरून एकदम २१ हजारांवर येते. वय वाढते, औषधे वाढतात आणि नेमका त्याच वेळी दरवाजा अरुंद होतो. हा अन्याय आहे आणि तो दूर करणे सरकारला सहज शक्य आहे.

नवऱ्याचे १००० आणि बायकोचे १५०० असे २५०० रुपये मिळणारे एखादे जोडपे धरले, तर माणशी दिवसाला एक्केचाळीस रुपयांच्या आसपास पडतात. त्यांची शिधापत्रिका अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य गटातली असेल तर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, म्हणजे दोघांना दहा किलो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीनुसार शहरी माणूस महिन्याला नऊ किलोंहून थोडे अधिक धान्य खातो, तेव्हा गरजेच्या निम्म्याहून किंचित जास्त धान्य घरात येते आणि उरलेले विकत घ्यावे लागते. पण प्राधान्य गटासाठी शहरातील वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९ हजारांची असल्याने, खोलीत राहणारा मुलगा सुरक्षारक्षकाची नोकरी करून महिन्याला दहा हजार आणत असला तरी त्या घराचा हक्क संपतो, मग तो मुलगा त्यांतून आईवडिलांना काही देवो वा न देवो. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर २०२५ मध्ये मुंबईत साडेआठशे रुपयांच्या घरात होते. ते दोघांना दोन महिने पुरवले तरी महिन्याला सव्वाचारशे होतात, म्हणजे मिळकतीच्या १७ टक्के केवळ इंधनावर, जिथे १९२१ च्या कामगाराचे सरपण आणि दिवाबत्ती मिळून साडेसात टक्क्यांच्या आत भागत होते.

अशा घराला तारून नेणाऱ्या गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत. परळचे केईएम रुग्णालय, जे १९२६ पासून उभे आहे, तिथे नाममात्र शुल्काच्या केसपेपरवर तज्ज्ञ डॉक्टरची भेट होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च भागतो. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन केंद्रावर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गॅस पेटवण्यापेक्षा हे जेवण स्वस्त पडते. बेस्टचे पाच रुपयांचे किमान भाडे ही अशीच एक सोय होती. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. लालबागहून केईएमला जाऊन येणे दहावरून वीस रुपयांवर गेले, आणि ज्याच्या वाट्याला दिवसाचे एक्केचाळीस रुपये येतात त्याने गुडघे दुखत असतानाही चालत जाणे पत्करले तर त्यात नवल नाही.

येथे पुन्हा शिरास यांच्या पाहणीकडे वळावे लागते, कारण तिचा परिणाम अहवालापुरता राहिला नाही. कोणत्या वस्तूवर घराचा किती वाटा खर्च होतो हे कळले की त्या वस्तूंचे भाव वाढल्यावर राहणीचा खर्च किती वाढला हे आकड्यात सांगता येते. अशा आकड्याला ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाशी जोडला गेला आणि भाव चढले की भत्ताही आपोआप चढू लागला. निर्देशांक चुकीचा काढला जातो अशी तक्रार झाली तेव्हा मुंबईतील कामगार १९६३ मध्ये रस्त्यावर आले आणि अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याची तपासणी करावी लागली. एका आकड्यासाठी एवढा मोठा लढा झाला, कारण त्या आकड्यावर लाखो घरांची चूल अवलंबून होती. त्याच कामगारांच्या म्हातारपणाची १००० आणि १५०० रुपयांची रक्कम मात्र कोणत्याही निर्देशांकाशी जोडलेली नाही, २१ हजारांची मर्यादाही जोडलेली नाही. ‘ईपीएस-९५’च्या निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना किमान ७५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मागत आहेत, या मागणीतील दुसरा भाग पहिल्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे.

राहिले घरभाडे, जो या सर्वांतला सर्वांत भक्कम आधार. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण मानून गोठवले, आणि १९९९ चा नवा कायदा आल्यानंतरही जुन्या भाडेकरूंचे भाडे बाजारभावाच्या तुलनेत नगण्यच राहिले. या गोठवणुकीची किंमत इमारतींनी मोजली. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, भिंती खचल्या, १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि तरीही दर पावसाळ्यात एखाद्या चाळीचा भाग कोसळल्याची बातमी येतच राहिली. तेव्हा पुनर्विकास नको असे कोणी म्हणू शकत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि स्वतंत्र संडास, स्वयंपाकघर व निजायला वेगळी खोली ही त्यांच्या तीन पिढ्यांना न मिळालेली गोष्ट त्यांना मिळाली, याचा आनंदच मानला पाहिजे.

परंतु मनोऱ्यातील घराला उद्वाहन, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, पहारेकरी आणि अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च लागतो, आणि दक्षिण व मध्य मुंबईतील उंच इमारतींत हा मासिक देखभाल खर्च हजारांच्या घरात जातो. ज्या जोडप्याचा महिना अडीच हजारांचा आहे त्याच्या हिशेबात तो बसत नाही. म्हणून लालबाग-परळच्या चाळींत विकासकाशी बोलणी सुरू झाली की जाणते भाडेकरू आता चौरस फुटांबरोबरच कॉर्पसचीही चौकशी करतात. कॉर्पस म्हणजे विकासकाने सोसायटीच्या नावे कायम ठेव म्हणून ठेवायची रक्कम, जिच्या व्याजातून देखभालीचा खर्च अंशतः भागावा अशी अपेक्षा असते. ती पुरेशी आहे का, व्याजदर उतरले तर काय, आणि वृद्ध सभासदांना सवलत देण्याची तरतूद सोसायटीच्या नियमांत आहे का, हे प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारावे लागतात. ज्यांना ते विचारणे जमले नाही त्यांतील काही घरे नव्या सदनिका भाड्याने देऊन किंवा विकून विरार-बदलापूरकडे जातात. तिथे राहण्याचा खर्च कमी होतो, पण गॅलरीतली भिशी, ओळखीचा वाणी आणि चालत जाता येण्याजोगे केईएम मागे राहते, आणि रक्तदाब व मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या घेण्यासाठी पहाटेची लोकल पकडून परळलाच यावे लागते.